‘बॉट बोलला, आम्ही नाही’ असं म्हणता येईल का?

पत्र (थोडं कमी करून देतेय):

मॅडम नमस्कार, दादरला आमची छोटी टूर कंपनी आहे, सासऱ्यांनी सुरू केलेली, आता मिस्टर आणि मी बघतो. मागच्या वर्षी भाच्याने अंधेरीच्या एका कंपनीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर एआयचा चॅटबॉट लावून घेतला. रात्री-बेरात्री लोक विचारतात, तो उत्तरं देतो, आम्हाला खूप मदत झाली हे खोटं नाही. पण आता एक प्रकरण झालंय. बोरिवलीच्या एका काका-काकूंनी सिक्कीम-दार्जिलिंग बुक केलं होतं, दोघांचे 1,46,000. निघायच्या 9 दिवस आधी काकांना अ‍ॅडमिट करावं लागलं. आमच्या अटींप्रमाणे 10 दिवसांच्या आत कॅन्सल केलं की 25 टक्केच परत मिळतात, म्हणजे 36,500, ते आम्ही दिले. पण त्यांच्या मुलीने रात्री बॉटला विचारलं होतं आणि बॉटने ‘मेडिकल कारण असेल तर 90 टक्के परत मिळतील’ असं लिहून दिलं, त्याचा स्क्रीनशॉट आहे तिच्याकडे. आता ती ग्राहक मंचात जाते म्हणतेय. भाचा म्हणतो मामी घाबरू नको, बॉट बोललाय, आपण नाही, आणि एआयचा कायदा भारतात अजून आलेलाच नाही. त्याने काकांचे डिस्चार्ज पेपर चॅटजीपीटीला देऊन एक कडक उत्तर पण लिहून घेतलंय, त्यात सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. पाठवू का? आणि एकंदर हे एआय प्रकरण आमच्यासारख्यांना कुठे कुठे अडकवू शकतं ते सांगा. व्हिसाचे फॉर्म भरायला, रील करायला, फोटो, रिव्ह्यू, सगळीकडे तो हेच वापरतो, आता जर्मनीतल्या मराठी लोकांसाठी कोकण टूरच्या जाहिराती पण चालू केल्यात.
– एक टूरवाली, दादर

ताई,

उत्तर पाठवू नका. हे पहिलं. बाकी सगळं वाचायला वेळ नसेल तरी एवढं कराच, कारण तुम्ही जोडलेला तो सुप्रीम कोर्टाचा निकाल मी शोधला आणि त्या नावाचा, त्या सालचा असा निकाल मला कुठेच सापडला नाही. ही यंत्रं निकालांची नावं बनवून देतात, पक्षकार, साल, नंबर सगळं अगदी खरं वाटेल असं, आणि अशा निकालांनी मोठेमोठे फसलेत. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला याच कारणासाठी 5000 डॉलर दंड झाला. आपल्याकडे 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाने इन्कम टॅक्सची एक असेसमेंट ऑर्डर रद्द केली, त्यात अधिकाऱ्याने आधाराला घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते, आणि कोर्टाने स्पष्ट सांगितलं की सिस्टीमने दिलं म्हणून तसंच उचलायचं नसतं, आधी तपासायचं असतं. उद्या तुमचं हे पत्र ग्राहक आयोगासमोर (ज्याला तुम्ही ग्राहक मंच म्हणता) गेलं तर रिफंडचा वाद बाजूलाच राहील आणि तुम्ही खोटा निकाल दाखवून आजारी माणसाला घाबरवलं हेच आधी दिसेल.

आता ‘बॉट बोलला, आपण नाही’ याचं. भाच्याला सांगा, हा युक्तिवाद एका विमान कंपनीने करून बघितलाय. कॅनडात एक माणूस आजी वारली म्हणून तिकीट काढत होता, एअर कॅनडाच्या चॅटबॉटने त्याला सांगितलं की आधी पूर्ण भाडं भरा, नंतर 90 दिवसांत अर्ज केलात की सवलत मिळेल. प्रत्यक्षात नियम तसा नव्हता, प्रवास झाल्यावर सवलत मागता येत नव्हती. कंपनी म्हणाली चॅटबॉट ही वेगळी एंटिटी आहे, तिच्या बोलण्याला तीच जबाबदार, आणि खरा नियम आमच्या वेबसाइटवर दुसऱ्या पानावर होताच. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या ट्रिब्यूनलने दोन्ही मुद्दे फेटाळले, वेबसाइटवर जे काही आहे ते तुमचंच, बॉट असो नाहीतर पान असो, आणि ग्राहकाने एका पानावरचं दुसऱ्या पानाशी ताडून बघायची काही गरज नाही. सगळं मिळून साधारण 812 कॅनेडियन डॉलर द्यावे लागले, रक्कम तशी किरकोळ, पण बातमी जगभर झाली.

तो निकाल आपल्याला बंधनकारक नाही हे मला माहितीये आणि भाचा तेच म्हणेल. पण आपल्याकडे तर हे त्याहून आधीपासून लिहिलेलं आहे. आपला आयटी अ‍ॅक्ट 2000 सालचा, त्याचं कलम 11 बघा. एखाद्याने स्वतः किंवा त्याच्या वतीने कोणी सिस्टीम अशी प्रोग्रॅम करून ठेवली असेल की ती आपोआप मेसेज पाठवते, तर तो मेसेज त्या माणसानेच पाठवला असं धरायचं. चॅटजीपीटी यायच्या वीस-बावीस वर्षं आधीचं हे आहे. म्हणून ‘एआयचा कायदा अजून आला नाही’ या वाक्यावर विसंबून राहू नका ताई, मला या वाक्याची खरंच काळजी वाटते कारण हल्ली प्रत्येक छोटा धंदेवाला हेच बोलतो. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने एआयबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दिशा हीच आहे की सध्या वेगळा कायदा नको, आहेत ते कायदेच लावायचे. म्हणजे ग्राहक कायदा, आयटी कायदा, कॉन्ट्रॅक्टचा कायदा, डेटाचा कायदा, हे सगळे आजच तुमच्या दारात उभे आहेत.

काकांच्या बाबतीत माझा सल्ला सरळ आहे, पैसे द्या. 90 टक्क्यांचे 1,31,400 होतात, 36,500 दिलेत, राहिले 94,900. जड जातील मला माहितीये, हॉटेलचा आणि विमानाचा पैसा तुमचाही अडकलेला असणार. पण समोरून बघा. जिल्हा आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, ती मुलगी घरबसल्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकू शकते, बोरिवलीला राहते म्हणून तिच्या हद्दीतल्या आयोगात टाकू शकते, वेळ दोन वर्षांचा आहे, वकील लागतच नाही. तुम्हाला मात्र प्रत्येक तारखेला माणूस पाठवायचा, आणि हातात काय, तर ‘आमचा बॉट चुकला’. अटींची पीडीएफ तुमच्याकडे आहे हा मुद्दा आहे, नाही असं नाही, बुकिंगच्या वेळी अटी मान्य म्हणून टिक केलं होतं हेही खरं. पण तुमच्याच नंबरवरून, तुमच्या लोगोखाली, नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर आलंय, त्यापुढे ती पीडीएफ फार टिकेल असं मला वाटत नाही.

त्यांना विचारा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढला होता का, हॉस्पिटलायझेशनमुळे ट्रिप रद्द झाली तर बऱ्याच पॉलिसीत काही मिळतं. पण ते मिळेपर्यंत आमचे थांबवतो असं मात्र करू नका. आणि आजच ते पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, बॉटच्या डॅशबोर्डवरचा लॉग (सगळ्या बोलण्याची नोंद) पण, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला आता भारतीय साक्ष्य अधिनियमातलं सर्टिफिकेट लागतं आणि वेंडरने, म्हणजे बॉट लावून देणाऱ्या अंधेरीच्या कंपनीने, लॉग उडवला की तुमच्याकडे तिच्या स्क्रीनशॉटशिवाय काहीच राहणार नाही. वेंडरकडून नुकसान मागायचं तरी हाच लॉग लागणार.

बॉट असा का बोलला ते तुमच्या वेबसाइटवर जाऊन बघितलं. ‘महत्त्वाच्या सूचना’ म्हणून एक पान अजून तसंच आहे, 2021 चं, कोविडच्या वेळच्या सवलतींचं, ‘वैद्यकीय कारणास्तव रद्द केल्यास 10 टक्के वजा करून’. मेन्यूमधून ते काढलंय पण पान जिवंत आहे. वेंडरने अख्खी साइट बॉटला खायला घातली असणार, त्यात नवी पीडीएफ पण आणि हे जुनं पान पण, आणि मुलीने लिहिलं ‘बाबांना अ‍ॅडमिट केलंय, पैसे मिळतील का’, त्याला ‘वैद्यकीय’ हा शब्द असलेलं पान जास्त जवळचं वाटलं. नवी पीडीएफ इंग्रजीत आहे आणि तिच्यात मेडिकल हा शब्दच नाही, नुसते दिवस आणि टक्के. त्याला तारीख कळत नाही, कुठली अट चालू आणि कुठली बाद हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. काउंटरवर कालच लागलेल्या, गोड बोलणाऱ्या पोरासारखा आहे तो, माहिती नसलं तरी ‘बघून सांगतो’ म्हणणार नाही. अशा पोराला तुम्ही पहिल्या दिवशी रिफंडचं बोलू द्याल का?

मग बॉटलाही नका देऊ. रिफंड, डिस्काउंट, व्हिसा मिळेल की नाही, इन्शुरन्स, आणि तब्येतीचं काहीही (‘मला बायपास झालीये, नथुला जाऊ का’ असं लोक विचारतात ना, तेच) हे विषय आले की त्याने फक्त एवढंच म्हणायचं की आमची माणसं सकाळी 10 नंतर फोन करतील, आणि नंबर घ्यायचा. बाकी गरम कपडे काय आणायचे, बस कुठून सुटते, जेवण जैन मिळेल का, हे त्याला खुशाल बोलू द्या. वर पहिल्याच मेसेजमध्ये लिहा की तुम्ही एआयशी बोलताय. ‘बॉट चुकू शकतो’ एवढी ओळ टाकून सुटका होत नाही, पण ग्राहकाशी प्रामाणिक तर राहा. आणि टेस्ट करताना इंग्रजीत नीट वाक्यं नका टाकू, तुमचे ग्राहक जसं अर्धवट, घाईत, मराठी-हिंदी मिसळून टाइप करतात तसं ऑफिसातल्या सगळ्यांना टाइप करायला लावा.

आता ज्याने मला पत्र वाचताना सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते. काकांचे डिस्चार्ज पेपर. ताई, एका माणसाने हॉस्पिटलमधून आल्यावर विश्वासाने तुम्हाला ते कागद दिले आणि भाच्याने ते स्वतःच्या फुकटच्या अकाउंटवर चढवले, तेही त्याच माणसाविरुद्ध पत्र लिहायला. फुकटच्या अकाउंटवर आपण टाकलेलं मॉडेल शिकवायला वापरलं जाऊ शकतं, सेटिंग्जमध्ये डेटा कंट्रोल्समध्ये जाऊन ते बंद करावं लागतं, आणि बंद केलं तरी कागद तिकडे गेलाच. ग्राहक कायदा 2019 मध्ये अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत एक गोष्ट आहे जी फार कोणी वाचत नाही, ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला उघड करणं. आयटी कायद्याच्या 43अ खाली 2011 चे नियम आहेत, त्यात तब्येतीची माहिती ही संवेदनशील धरलीये, नीट सांभाळली नाही आणि कोणाचं नुकसान झालं तर भरपाई, आणि हे फक्त मोठ्या कंपन्यांना नाही, एकट्याच्या मालकीच्या पेढीलाही लागू आहे. ते चॅट आजच डिलीट करायला लावा, त्याने कुठे कुठे काय चढवलं ते कागदावर लिहून घ्या.

पासपोर्टचं तेच. तुमच्या ऑफिसात शंभर-दोनशे पासपोर्टचे स्कॅन पडून असतील, आणि एका पासपोर्टच्या पहिल्या पानावरच्या खालच्या त्या दोन ओळी, बाणांसारख्या खुणांच्या, त्यात नाव, नंबर, जन्मतारीख, एक्स्पायरी सगळं आलं. त्यातच पुन्हा आपल्या नावांची गंमत वेगळी, पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव एकत्र असतं, एआय ते आपल्या मनाने तोडून मधलं नाव आडनावात ढकलतं, आणि फॉर्म पासपोर्टशी जुळला नाही की व्हिसा लटकतो. म्हणजे माहिती पण बाहेर गेली आणि काम पण बिघडलं. फॉर्म माणसाने भरावेत, किंवा भरून झाल्यावर माणसाने पासपोर्ट हातात धरून अक्षर न अक्षर ताडावं, इथे शॉर्टकट नाही.

आणि नवीन डेटा कायदा, डीपीडीपी, म्हणजे लोकांच्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा, 2023 चा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून लागतील. सुरक्षेत हयगय झाली तर दंड 250 कोटींपर्यंत आहे. आकडा बघून झोप उडवून घेऊ नका, ती कमाल मर्यादा आहे, चूक केवढी, किती काळ चालली हे बघून या कायद्याखालचं डेटा संरक्षण बोर्ड ठरवणार. पण तयारी आत्ताच करा, ट्रिप संपली की स्कॅन किती दिवसांत डिलीट करायचे ते ठरवा (आज तुमच्याकडे कधीपासूनचे पडलेत ते बघा एकदा), 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना आई-बाबांची पडताळता येईल अशी संमती लागणार आहे आणि फॅमिली टूरमध्ये मुलं असतातच. लीक झालं तर बोर्डाला आणि ज्यांची माहिती आहे त्या लोकांना कळवावं लागेल. सायबर घटना सर्ट-इनला (केंद्राची सायबर सुरक्षेची यंत्रणा) 6 तासांत कळवायचा आदेश तर 2022 पासूनच आहे.

रीलवर येते. तुम्ही लिंक पाठवलीत ती ऐकली, काश्मीरच्या रीलमध्ये तो गाण्याचा आवाज कोणाचा भासतो ते पहिल्या ओळीतच कळतं. आजच काढा. 2024 मध्ये अरिजित सिंगच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की परवानगीशिवाय एआयने आवाजाची नक्कल करणं हा त्याच्या व्यक्तिमत्त्वाच्या हक्कांचा भंग आहे, 2025 मध्ये आशा भोसलेंच्या बाजूनेही असाच अंतरिम आदेश झाला. हे आपल्याच शहरातलं कोर्ट आहे, आणि तुमची तर सरळसरळ जाहिरात आहे, तिथे ‘फॅन म्हणून केलं’ पण म्हणता येणार नाही. कोणाच्या आयुष्यभराच्या कमाईचा आवाज आहे तो.

फोटोंचं म्हणाल तर गंगटोकच्या हॉटेलच्या खिडकीतून अख्खा कांचनजंगा दिसतो असा फोटो एआयने बनवून टाकलाय, आणि प्रत्यक्षात त्या खोलीतून पार्किंग दिसत असेल तर ती दिशाभूल करणारी जाहिरात झाली, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर 50. बॅकग्राउंडला ढग, अक्षरं, रंग, यासाठी एआय वापरा, जागा आणि खोली मात्र खरी दाखवा, तुमच्या टूर मॅनेजरच्या मोबाइलमध्ये हजार खरे फोटो असतील. आणि एआयने लिहिलेले रिव्ह्यू, त्यावर मी जास्त बोलत नाही, ती फसवणूक आहे, काढून टाका. बीआयएसने, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानकच काढलंय, म्हणजे सरकारचं लक्ष नाही असं समजू नका. तुमच्या सासऱ्यांनी बांधलेल्या नावाला खोट्या स्तुतीची गरज आहे असं मला वाटत नाही.

जर्मनीच्या जाहिराती थोड्या दिवस थांबवा. आपल्या लोकांना युरोप फिरवून आणलं म्हणून युरोपचे डेटाचे नियम आपोआप तुमच्या अंगावर येत नाहीत, पण तिथे राहणाऱ्या माणसाला उद्देशून तुम्ही काही विकता, त्याची माहिती घेता, तेव्हा जीडीपीआर, म्हणजे युरोपचा तो डेटा कायदा, लागू होऊ शकतो, त्यात दंड 2 कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या 4 टक्क्यांपर्यंत. तिथला एआय कायदा ऑगस्ट 2024 पासून टप्प्याटप्प्याने येतोय, त्यातही बॉटशी बोलतोय हे समोरच्याला कळवायची अट आहे. म्युनिकच्या मराठी मंडळाला फोन करून बुकिंग घ्यायचं आणि बॉट त्या लोकांसाठी बंद ठेवायचा, सध्या एवढं पुरे. हे प्रकरण मोठं करायचं असेल तर तिकडच्या वकिलाला विचारून करा.

राहिला वेंडर. तुमचं दोन पानांचं अ‍ॅग्रीमेंट वाचलं, कलम 9 मध्ये लिहिलंय की उत्तरांच्या अचूकतेची आमची जबाबदारी नाही, आणि त्यांची भरपाई एका महिन्याच्या फीपुरती. म्हणजे चूक त्यांच्या यंत्राची आणि 94,900 तुमचे. नव्या डेटा कायद्यातही तेच आहे, काम बाहेर दिलं तरी ग्राहकासमोर जबाबदार तुम्हीच, करारात काहीही लिहिलेलं असो. तुमचं रिन्युअल पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी त्यांना मेल करा. चॅट कुठल्या सर्व्हरवर राहतात, ते मॉडेल शिकवायला वापरता का, आम्ही सोडलं तर सगळं पुसून लेखी द्याल का, लॉग किमान दोन वर्षं ठेवाल का (तक्रारीची मुदत तेवढीच आहे), आणि आम्ही बंद ठेवायला सांगितलेल्या विषयावर बॉट बोलला तर नुकसान कोण भरणार. मेल तुम्ही लिहा, भाच्याला लिहायला देऊ नका, आणि चॅटजीपीटीला तर नाहीच. पोरगा हुशार आहे, मेहनती आहे हे पत्रातूनही कळतं, त्याला रागावू नका पण मेलच्या कॉपीत ठेवा, आणि काकांच्या मुलीला फोन करताना शेजारी बसवा. वेंडरने लेखी दिलं नाही तर रिन्यू करू नका, रात्री 9 नंतर ‘सकाळी फोन करतो’ एवढाच साधा ऑटो-रिप्लाय लावा. उन्हाळ्याच्या बुकिंगचा सीझन आहे, चार चौकश्या जातील, जाऊ देत.